पट्ट्यावर चालू न शकणाऱ्यांची स्ट्रेस टेस्ट

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरेसं मिळतं का, हे पाहायचं तर त्याला कामाला लावावं लागतं. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट ब्रूस यांनी त्यासाठी ट्रेडमिलची पद्धत बसवली: दर 3 मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवायचा. आजही टीएमटी (ट्रेडमिल टेस्ट) बहुतेक ठिकाणी तशीच होते. पण गुडघे झिजलेले, पक्षाघात झालेले, पायांच्या रक्तवाहिन्या आखडलेले रुग्ण पट्ट्यावर चढणार कसे? हृदयविकाराची शंका अशांच्या बाबतीत वारंवार येते आणि नेमकी त्यांचीच तपासणी अडायची.

वाट सापडली ती सिएटलमध्येच. 1974 साली के. लान्स गूल्ड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची धमनी थोडी थोडी आवळत नेली. विश्रांतीत रक्तप्रवाह कमीच होईना; धमनीचा व्यास 85 टक्क्यांहून जास्त आवळल्यावर कुठे तो घटला. धमनीत द्रव टोचून प्रवाह कमाल वाढवला, तेव्हा मात्र 30 ते 45 टक्क्यांपासूनच तूट दिसू लागली. या सगळ्या इतिहासात मला हाच प्रयोग मोलाचा वाटतो. दोष उघडा पडतो तो प्रवाह वाढवल्यावर, आणि तो वाढवायला पाय लागतातच असं नाही.

औषध आधीपासून हाताशी होतं. डायपिरिडॅमोल अँजायनावर, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्यावर, दिलं जाई, पण त्यानं निरोगी भागातल्या सूक्ष्म वाहिन्या रुंदावत. आखडलेल्या धमनीपुढच्या वाहिन्या आधीच ताणून रुंद झालेल्या असल्यानं तिकडचा प्रवाह फारसा वाढत नसे, उलट कधी कधी तिथलं रक्त निरोगी भागाकडे वळे. उपचारात ही खोट होती. तपासणीला मात्र दोन भागांतला हाच फरक हवा होता. 1978 मध्ये गूल्ड यांच्या गटानं शिरेतून डायपिरिडॅमोल देऊन थॅलियम-201 या किरणोत्सारी पदार्थानं हृदयाची चित्रं घेतली. भरपूर रक्त मिळालेला स्नायू ठळक उमटतो, उपाशी राहिलेला फिका.

डायपिरिडॅमोल शरीरातलं, रक्तवाहिन्या रुंदावणारं अ‍ॅडेनोसिन साठवून ठेवतं. खरं काम करतं ते अ‍ॅडेनोसिन. त्याचा हृदयावरचा परिणाम ड्रुरी आणि सेंट-ग्योर्गी यांनी 1929 मध्येच नोंदवला होता. पुढे थेट अ‍ॅडेनोसिनच वापरात आलं. ते रक्तात काही सेकंदच टिकतं, त्यामुळे चेहरा लालबुंद झाला, छाती दडपली, तरी सलाइन थांबवताच बरं वाटू लागतं. डायपिरिडॅमोलचा अंमल रेंगाळतो, म्हणून अ‍ॅमिनोफायलिन हा उतारा भरलेली सिरिंज तयार ठेवावी लागते. कॅफिन याच परिणामाला अडवतं. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात ते त्यामुळेच, आणि सकाळचा एक कप चहासुद्धा तपासणी पुढे ढकलायला पुरतो.

दम्याच्या रुग्णांची अडचण उरली. अ‍ॅडेनोसिननं श्वासनलिका आवळू शकतात, म्हणून त्यांना डोब्युटामिन देतात. त्यानं हृदय व्यायामासारखंच जोरात धावतं. 2008 साली अमेरिकेत रेगाडेनोसॉन या अ‍ॅडेनोसिनसारखंच काम करणाऱ्या औषधाला मंजुरी मिळाली: वजनाचा हिशोब न करता 0.4 मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन. 2013 मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं रेगाडेनोसॉन आणि अ‍ॅडेनोसिन या दोन्हींनंतर क्वचित हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू ओढवल्याचं सांगून, अस्थिर अँजायना (विश्रांतीतही उठणारं किंवा वाढत जाणारं छातीतलं दुखणं) असलेल्यांना ती देऊ नयेत असा इशारा दिला.