व्हेपर प्रेशर आणि बॉइलिंग पॉइंट, दोन्ही एकच समजू नका

नाशकातल्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींकडे सॉल्व्हंट (रंग, रसायनं विरघळवणारे द्रव, जसं टोल्युइन) हाताळणाऱ्यांकडून हमखास ऐकायला मिळतं, "टोल्युइन १११ डिग्रीला उकळतं, पाणी शंभरला, म्हणजे टोल्युइनची वाफ पाण्याहून कमीच होणार ना." नाही होणार. बंद भांड्यात द्रवाच्या वर साठलेली वाफ जो दाब देते तो म्हणजे व्हेपर प्रेशर, आणि २० डिग्रीला टोल्युइनचं व्हेपर प्रेशर साधारण २.९ किलोपास्कल आहे आणि पाण्याचं २.३. पाण्याचे रेणू एकमेकांना जास्त घट्ट धरून असतात म्हणून थंड असताना पटकन सुटत नाहीत, पण तापवत गेलं की पाण्याचं प्रेशर जास्त भराभर चढतं, पन्नासच्या आसपास दोघं बरोबरीत येतात आणि तिथून पुढे पाणी पुढे. गोडाऊनमध्ये ड्रम उघडा राहिला तर तिथलं तापमान तीस-पस्तीस असतं, एकशे अकरा नाही, त्यामुळे खोलीत किती वाफ साठू शकते ते व्हेपर प्रेशरवरून कळतं.

दुसरा फरक तर इथे नाशकातच बघा. बॉइलिंग पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला व्हेपर प्रेशर बाहेरच्या हवेच्या दाबाइतकं होतं ते तापमान, आणि आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर असल्याने पाणी इथे ९८ च्या आसपासच उकळतं. व्हेपर प्रेशरला हवेच्या दाबाशी तसं काही देणंघेणं नाही, ते तापमानावर ठरतं, २५ डिग्रीला पाण्याचं ते मुंबईतही ३.१७ किलोपास्कल आणि इथेही ३.१७. म्हणून शेजारी तापमान लिहिलेलं नसेल तर व्हेपर प्रेशरचा आकडा बिनकामाचा, आणि असे सेफ्टी डेटा शीट (रसायनासोबत येणारी सुरक्षा माहितीपत्रकं) सर्रास फिरतात.

गंमत म्हणजे कायदेही दोन्ही वापरतात. युरोपात पेंटच्या नियमात व्हीओसी (हवेत सहज उडून जाणारी सेंद्रिय रसायनं) म्हणजे २५० डिग्री किंवा त्याखाली उकळणारं, आणि कारखान्यांच्या सॉल्व्हंट उत्सर्जनाच्या नियमात २० डिग्रीला ०.०१ किलोपास्कल किंवा त्याहून जास्त प्रेशर असणारं. एक्स्पोर्टवाल्यांनी आपल्याला नेमका कुठला नियम लागतो ते आधी बघावं.

द्राक्षबागेतल्या औषधांचं प्रकरण वेगळंच, कारण त्यातली बरीचशी उकळायच्या आधीच विघटित होतात, मग बॉइलिंग पॉइंट मोजणार कशाचा? व्हेपर प्रेशर मात्र असतंच, इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं २० डिग्रीला एका पास्कलच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. इतकं बारीक साध्या गेजवर दिसत नाही. मग सॅम्पलवरून नायट्रोजन अगदी सावकाश सोडायचा, त्याच्यासोबत आलेला पदार्थ ट्रॅपमध्ये पकडायचा आणि किती आला त्यावरून प्रेशर काढायचं. रसायनांच्या चाचणीच्या पद्धती ठरवणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १०४ नंबरच्या गाईडलाईनमध्ये ही पद्धत आहे, आणि मोजमाप किमान दोन तापमानांना करा, तीन केलीत तर उत्तम, असंही त्यात आहे.

जास्त प्रेशरवाल्या द्रवांना स्टॅटिक पद्धत (बंद भांड्यात वाफेचा दाब थेट मोजणं) चालते, फक्त आधी सॅम्पल गोठवून व्हॅक्यूम लावून विरघळलेली हवा काढा. ती राहिली किंवा चुकून थोडं अ‍ॅसिटोन मिसळलेलं असलं तर आकडा फुगतो आणि तोच रिपोर्टमध्ये जातो.