कीटक लहान निघाला: उष्णतेमुळे की उपासमारीमुळे?

अळ्या वाढवल्या, पण प्रौढ नेहमीपेक्षा लहान निघाले. जागा गरम होती म्हणून, की खाद्य कमी पडलं म्हणून? नुसतं आकारमान पाहून हे सांगता येत नाही. अंडी घातल्याची आणि प्रौढ बाहेर पडल्याची तारीख नोंदवलेली असेल, तर बहुधा सांगता येतं. उष्णतेत अळीची वाढ लवकर उरकते आणि कीटक लहान राहतो. उपासमारीत अळी रेंगाळते, आणि कीटक तरीही लहानच राहतो.

ड्रोसोफिला, म्हणजे पिकल्या फळांवर घोंघावणारी छोटी माशी, 25 अंश सेल्सिअसवर अंड्यापासून प्रौढ व्हायला सुमारे 10 दिवस घेते. 18 अंशांवर जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, पण माशी मोठी निघते. प्रौढ झाल्यावर ती कात टाकत नाही, म्हणून नंतर कितीही खाल्लं तरी अंगाचा सांगाडा वाढत नाही. जे काही ठरतं ते अळीच्या अवस्थेत.

ते कसं ठरतं, हे मँडुका सेक्स्टा या पतंगाच्या अळीत फार छान उलगडलं आहे. शेवटच्या अवस्थेत अळी एका ठरावीक वजनाला पोहोचली, की कोषाकडे जाणारी संप्रेरकांची साखळी सुरू होते. पण ही साखळी पूर्ण होईपर्यंत अळी खातच राहते, आणि बरंच वजन याच काळात चढतं. उष्णतेत अळी भराभर वाढते, पण हा काळ त्याहून जास्त आखडतो. वजन चढायला वेळच उरत नाही. निकृष्ट खाद्यावर हा काळ फारसा बदलत नाही. तिथे वाढीचा वेग मंदावतो आणि ते ठरावीक वजनही खाली येतं. (ड्रोसोफिलात मात्र उष्णतेनेही हे वजन घटतं. एका कीटकाचा नियम दुसऱ्याला डोळे मिटून लावू नये.)

दोन्ही परिणाम वेगळे काढायचे तर चार गट हवेत: 18 आणि 25 अंश, आणि प्रत्येक तापमानाला पूर्ण खाद्य व यीस्ट-साखर एक चतुर्थांश केलेलं खाद्य. खाद्य घट्ट करणाऱ्या अगारचं प्रमाण तेच ठेवा. प्रत्येक नळीत 50 अंडी मोजूनच घाला. अंदाजाने घातली तर गर्दी होते, आणि गर्दी म्हणजे उपासमारच.

सर्वात जास्त फसवणूक इथे होते: गरम कपाटात खाद्य लवकर सुकतं. ते नळीत दिसत असतं, पण कडक झाल्याने अळ्यांना खाता येत नाही, आणि उपासमारीचा परिणाम उष्णतेच्या नावावर जमा होतो. तेव्हा ओलावा सांभाळा. तापमानही कपाटाच्या हवेत नव्हे, खाद्यात मोजा, कारण दाटीने खाणाऱ्या अळ्या खाद्य तापवतात.

उष्णतेत लवकर आणि उपासमारीत उशिरा, हा दिवसांचा नियम तापमानाच्या मधल्या पट्ट्यातच चालतो. सोसण्याच्या वरच्या टोकाशी विकासही मंदावतो, आणि मग गरमीतला कीटक उपाशी कीटकासारखाच उशिरा निघतो.

तारखा नसतील तर पंख पाहा. ड्रोसोफिलाच्या पंखावर प्रत्येक पेशीला एकच सूक्ष्म केस असतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक चौकोनातले केस मोजा. केस दाट असतील तर पेशी लहान आहेत, ही मुख्यतः उष्णतेची खूण. पंख लहान पण दाटी नेहमीचीच असेल, तर पेशींची संख्या कमी पडली आहे; संशय खाद्यावर घ्या. उपासमार उशिरा सुरू झाली असेल तर पेशीही लहान होतात, म्हणून हा पुरावा एकटा निर्णायक धरू नये. तुलना मात्र मादीची मादीशीच करा, कारण नर मुळातच लहान असतो.