तेल म्हणजे पातळ वॉर्निश नव्हे

दर मे महिन्यात गावाकडून कुणाचा तरी फोन येतो. "अहो, गेल्या वर्षीच दाराला तेल मारून घेतलं होतं, तरी पोपडे निघालेत." तेलाचे पोपडे निघत नाहीत. निघाले असतील तर ते वॉर्निश होतं, मारणाऱ्याने त्याला काहीही नाव दिलेलं असो. या घोळाचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. लाकडाला काहीही फासलं की आपण म्हणतो 'पॉलिश केलं'. लाखेचं स्पिरिट पॉलिश, वॉर्निश, पीयू (पॉलियुरेथेन), जवसाचं तेल, सगळ्यांचं बारसं एकाच नावाने.

स्पिरिट पॉलिश आधीच बाजूला काढू. ते घरातल्या कपाटासाठी. पाण्याने पांढरं पडतं, त्यामुळे बाहेर त्याचं काम नाही. वॉर्निश तुम्हाला माहीत आहेच: डबा, ब्रश, चकाकी, दोन-तीन हात. तेल म्हणजे जवसाचं. त्यात चकाकी कमी आणि रंग थोडा गडद. किमतीत फरक असतो, पण त्यावरून निवड करू नका.

आता खरी गोची. वॉर्निश लाकडावर बसतं आणि तेल लाकडात मुरतं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यावरून पुढचा हिशोब मात्र असा होतो: वॉर्निश पाणी जास्त अडवतं, कोकणात पाऊस जास्त, म्हणून कोकणात वॉर्निशच हवं. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. नवा, अखंड थर तेलापेक्षा पाणी कितीतरी चांगलं अडवतो. पण तो अखंड राहतो किती दिवस?

लाकूड एप्रिलमध्ये आकसतं आणि जुलैमध्ये फुगतं. हे फुगणं रेषांच्या आडवं होतं, लांबीत जवळजवळ नाही. चौकटीच्या कोपऱ्यात एक तुकडा उभा आणि एक आडवा, म्हणजे दोघांची ओढ वेगवेगळ्या दिशांना. वॉर्निश उन्हाने वर्षागणिक कडक होत जातं आणि नेमकं त्या सांध्यावर केसाएवढं तडकतं. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला दिसतं. झड आली की पाणी त्या फटीतून आत ओढलं जातं आणि लाकडात पसरतं. बाहेर पडायला मात्र वाट नाही, कारण बाकीचा थर अजून शाबूत असतो. म्हणजे पाणी अडवायला लावलेलं वॉर्निश आता पाणी कोंडायचं काम करतं. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर रेंगाळली की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं. वरून दार चकचकीत आणि खालच्या कोपऱ्यात थराखाली काळा डाग दिसला, की आत काय चाललंय ते ओळखा.

तेलाचं उलट. ते पाणी थोडंफार आत येऊ देतं, पण पाऊस उघडला की लाकूड सुकूही देतं. झिजतं, पण निमूटपणे. तडा नाही, पोपडा नाही, फक्त लाकूड हळूहळू करडं पडतं. हा करडेपणा बघून लोक घाबरतात, 'सडलं' म्हणतात. सडलेलं नसतं ते. उन्हाने वरवरचा लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारा घटक, मोडतो, पावसाने धुऊन जातो, एवढंच. सुरीचं टोक दाबून बघा: आत सहज रुतलं तर कूज, नाहीतर नुसता रंग.

तेव्हा दोन्हींत निवड करताना मी फक्त एकच विचारतो: हे बिघडेल तेव्हा दुरुस्त कोण करणार? वॉर्निश तडकायच्या आत पुढचा हात द्यावा लागतो. उशीर झाला की सगळं खरवडून कोऱ्या लाकडापर्यंत जायचं. तेलाला धूळ पुसा, पॉलिश पेपर फिरवा, पुन्हा लावा, दुपारभराचं काम. मुंबईहून मे महिन्यात आणि गणपतीत येणाऱ्याने फाटकाला वॉर्निश लावणं हा माझ्या मते हट्ट आहे. पडवीतल्या झोपाळ्याला लावा खुशाल, तिथे ऊन-पाऊस थेट लागत नाही. मधुमालतीच्या मांडवाला तर मुळीच नको. वेल चढल्यावर तो खरवडणार कसा? तेल वेल छाटली त्या दिवशी लावता येतं. आणि बाक जून सागाच्या गाभ्याचा असेल तर काहीही न लावणं हाही चांगला पर्याय आहे. सागात मुळातच तेलकटपणा असतो, वॉर्निश त्याला नीट धरतही नाही.

दोन्हींपैकी काहीही लावा, लाकडाची तोंडं, म्हणजे रेषांच्या आडवी कापलेली टोकं, विसरू नका. पाणी सपाट बाजूपेक्षा तिथून कितीतरी वेगाने शिरतं. आमच्या मागच्या दाराची खालची कड रंगाऱ्याने कोरी ठेवली होती, कारण दार बिजागरीवरून उतरवायला लागलं असतं. तिसऱ्या पावसाळ्यात दार तिथूनच गेलं. मांडवाचा खांब थेट मातीत पुरला तर ना वॉर्निश वाचवतं ना तेल, जमिनीलगतचा वीतभर भाग सगळ्यात आधी जातो. जुन्या वाड्यांत खांबाखाली दगडी तळखडा उगाच नसे. वाळवीवरही यातलं काहीच औषध नाही.

आता तेल घ्यायचं झालं तर कच्चं जवसाचं आणू नका. ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं आणि आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी पोसते. रंगाच्या दुकानात बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, मागा, ते लवकर सुकतं. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना उत्तम, पण कातडीला फोड आणतं, त्यामुळे बसायच्या बाकावर नको. ब्रशपेक्षा फडका बरा. लावून वीसेक मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा. 'राहू दे, मुरेल' म्हणणाऱ्यांच्या बाकावर मग धोतर चिकटतं.

वेळ फेब्रुवारी ते एप्रिल. दिवाळीच्या आधी घाई करणारे फार, पण पावसाचं पाणी तेव्हा लाकडात असतंच. त्यावर वॉर्निश मारलं की ऑक्टोबरच्या उन्हात फुगे आलेच. आणि तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि फडका आपोआप पेट घेतो. दोरीवर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा.