चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका कशा?

१९९० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात एमी एडमंडसन पीएचडी करत होत्या. रुग्णाला चुकीचं औषध किंवा चुकीचा डोस दिला जाण्याचे प्रकार रुग्णालयाच्या कोणत्या विभागात किती होतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांचा अंदाज साधा होता. जिथे माणसांचं आपसात जमतं आणि प्रमुख परिचारिका चांगली आहे, तिथे चुका कमी सापडतील. आकडे आले ते नेमके उलटे. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त!

मग दुसऱ्या एका अभ्यासकाला, हे आकडे त्याला न सांगता, त्या विभागांत पाठवलं. काही ठिकाणी परिचारिका झालेली चूक मोकळेपणाने सांगत होत्या, तिच्यावर चर्चा होत होती. इतर ठिकाणी चूक सांगितली की आपल्यालाच आरोपी ठरवतील, ही धास्ती होती. म्हणजे चांगल्या टीम जास्त चुकत होत्या असं मानायचं कारण नव्हतं. त्या चुका लपवत नव्हत्या, एवढंच. या मोकळेपणाला एडमंडसन यांनी पुढे १९९९ च्या शोधनिबंधात ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटलं.

नेतृत्व आणि व्यवस्थापन यांतला फरक मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. व्यवस्थापनाचे अभ्यासक अब्राहम झालेझ्निक यांनी १९७७ मध्ये नेता आणि व्यवस्थापक ही दोन वेगळ्या घडणीची माणसं असतात असं मांडलं. याच विषयाचे दुसरे अभ्यासक जॉन कॉटर यांनी १९९० मध्ये कामांची विभागणी केली: नियोजन, अंदाजपत्रक, देखरेख यांतून गुंतागुंत आटोक्यात ठेवणं हे व्यवस्थापन, दिशा ठरवून माणसांना बदलासाठी तयार करणं हे नेतृत्व. कॉटर यांची मांडणी मला जास्त पटते, कारण एकाच माणसाला दोन्ही कामं करावी लागतात. त्यातलं व्यवस्थापन दुय्यम मानणं मात्र चूक आहे. औषधांची नोंदवही, डोस दोनदा तपासण्याचा नियम यांशिवाय रुग्णालय चालणार नाही. पण त्या वहीत खरं लिहिलं जाईल की नाही, हे नियमाने ठरत नाही.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो जेट विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. डच विमानाचा कॅप्टन अतिशय अनुभवी, इतर वैमानिकांना शिकवणारा. त्याने परवानगीआधीच निघायची तयारी केली तेव्हा सहवैमानिकाने एकदा अडवलं. दुसऱ्या वेळी तो थांबवू शकला नाही. विमान धावू लागल्यावर फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, समोरचं विमान अजून बाजूला झालं नसेल का? कॅप्टनने ठामपणे ती झटकली. तिथे नियम होते, नियंत्रण कक्ष होता, अनुभवही होता. धुकं आणि रेडिओवर एकमेकांत मिसळलेले संदेश हीही कारणं होतीच. तरी ती शंका वाचताना दरवेळी मन थांबतं. खरी माहिती त्या कॉकपिटमध्येच होती, फक्त ती सर्वांत ज्येष्ठ माणसापर्यंत पोहोचली नाही.

१९७९ मध्ये नासाने कॉकपिटमधल्या संवादाच्या या प्रश्नावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून विमान कंपन्यांमध्ये त्याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. त्यात कनिष्ठांना एकदा सांगून ऐकलं नाही तर पुन्हा, अधिक स्पष्ट कसं सांगायचं ते शिकवतात. कॅप्टनला शिकवतात ते उड्डाणाआधी सहकाऱ्यांकडे वळून म्हणायला, की मी चुकतोय असं वाटलं तर लगेच सांगा.