धक्क्याला लागलेलं जहाजही जळत असतं

जहाज धक्क्याला लागलं, दोर बांधले गेले की लांबून बघणाऱ्याला वाटतं, झालं, प्रवास संपला. मुख्य इंजिन तेव्हा बंद होतंही. धुराडं मात्र बंद होत नाही. जहाजावर माणसं राहतात, दिवे लागतात, पंप चालतात, थंड कंटेनरमधली फळं आणि मासळी टिकवावी लागते. या सगळ्यासाठी लागणारी वीज जहाजावरचे जनरेटर तयार करतात. मोठ्या कंटेनर जहाजाला एक-दोन मेगावॅट वीज सहज लागते, क्रूझ जहाजाला तर त्याच्या कितीतरी पट. मालाची चढ-उतार दीड-दोन दिवस चालली, तर तितका वेळ वस्तीपासून हाकेच्या अंतरावर एक छोटं वीजघर धूर सोडत उभं असतं.

आणि त्यात जळतं काय? कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो काळा गाळ उरतो, त्यावर जगातली मोठी जहाजं अनेक दशकं चालत आली आहेत. थंड असताना हे तेल डांबरासारखं घट्ट असतं. इंजिनात सोडण्याआधी ते शंभर अंशांच्या वर तापवावं लागतं, तेव्हा कुठे ते फवारण्याइतकं पातळ होतं. कच्च्या तेलातलं गंधक आणि धातू बरेचसे याच गाळात उतरतात. २०१९ अखेरपर्यंत जहाजांच्या इंधनात ३.५ टक्क्यांपर्यंत गंधक चालत असे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा ०.५ टक्क्यांवर आणली. सुधारणा मोठी आहे, यात शंका नाही. पण युरोपातल्या रस्त्यावरच्या डिझेलला फक्त ०.००१ टक्का गंधकाची परवानगी आहे, म्हणजे जहाजाला आजही त्याच्या पाचशे पट सवलत. उत्तर अमेरिकेचा किनारा, बाल्टिक आणि उत्तर समुद्र अशा काही भागांत २०१५ पासून ०.१ टक्क्याची कडक मर्यादा आहे. तिथल्या लोकांची फुप्फुसं इतरांपेक्षा नाजूक नाहीत. नियम मात्र वेगळे आहेत.

बंदराजवळच्या घराच्या खिडकीवर बोट फिरवलं तर काळा थर बोटाला लागतो. ही धूळ रस्त्याची की जहाजाची, हे प्रयोगशाळेत ओळखता येतं. जड इंधन जळलं की काजळीत व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू येतात, तेही ठरावीक प्रमाणात, जणू बोटांचे ठसे. २०२० नंतर इंधन बदललं तसा व्हॅनेडियमचा ठसा बऱ्याच ठिकाणी पुसट झाला. धूर थांबला म्हणून नव्हे, धुराची जात बदलली म्हणून.

हा धूर लोकांपर्यंत पोचतो कसा, हे शाळेच्या भूगोलातच आहे. दिवसा जमीन लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात. म्हणजे मुलं मैदानावर असतात, माणसं कामावर जात असतात, नेमक्या त्याच वेळी धुराडं वस्तीकडे तोंड करून असतं. रात्री मतलई वारे धूर समुद्राकडे नेतात, पण त्यातला काही दुसऱ्या दिवशीच्या खाऱ्या वाऱ्यांबरोबर परत येतो. त्यात भर पडते ती गेटबाहेर इंजिन चालू ठेवून रांगेत उभ्या असलेल्या ट्रेलरची आणि यार्डातल्या डिझेल क्रेनची. त्यांचा धूर तर माणसाच्या नाकाच्या उंचीवरच सुटतो.

अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे, फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. त्यांहून सूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात. म्हणूनच दम्याइतकाच हृदयविकाराचाही प्रश्न इथे येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. जहाजांच्या कणप्रदूषणामुळे जगात दरवर्षी सुमारे ६०,००० अकाली मृत्यू होतात, असा अंदाज २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्यातले बहुतेक किनाऱ्यालगतचे होते. मालाचा फायदा हजारो किलोमीटर आतल्या ग्राहकालाही मिळतो, काजळी मात्र बंदराशेजारच्यांच्याच वाट्याला येते. मला यातलं सर्वांत जास्त हेच खटकतं.

तरीही या गोष्टीत आशेला जागा आहे, आणि ती मोजलेली आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात संशोधकांनी हजारो मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं तपासली. अभ्यासातल्या गावांमध्ये लाँग बीच हे बंदराचं शहरही होतं. पंधराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता अपेक्षेपेक्षा बरीच कमी असलेल्या मुलांचं प्रमाण १९९४ ते ९८ च्या गटात ७.९ टक्के होतं, २००७ ते ११ च्या गटात ते ३.६ टक्क्यांवर आलं. हे श्रेय एकट्या बंदराचं नाही, वाहनं आणि कारखान्यांवरचे नियमही कडक झाले होते. पण लॉस एंजलिस आणि लाँग बीचच्या बंदरांनी २००६ मध्ये स्वच्छ हवेचा संयुक्त आराखडा आखला, २००८ मध्ये १९८९ पूर्वीच्या ट्रकना गेटवरच अडवलं आणि पुढच्या काही वर्षांत बंदरातली डिझेलची काजळी ८० टक्क्यांहून अधिक घटली.

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे जहाजाला किनाऱ्यावरून वीज देणं. धक्क्यावरच्या खाचेत मनगटाएवढ्या जाड केबल लावतात, ६,६०० व्होल्टचा प्रवाह सोडतात. जहाजावरचा इलेक्ट्रिशियन आपल्या जनरेटरचा ताल किनाऱ्याच्या विजेशी जुळवतो, भार हळूहळू तिकडे सरकवतो आणि एकेक जनरेटर बंद करतो. घरघर थांबते, धुराड्यावरची थरथरती हवा शांत होते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गने २००० मध्ये आणि लॉस एंजलिसच्या कंटेनर धक्क्याने २००४ मध्ये ही सोय सुरू केली. अडचण खर्चाची आहे. बहुतेक जहाजांची वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची असते, तर युरोप-आशियातल्या बऱ्याच देशांची ५० हर्ट्झची, म्हणून मधे महागडं रूपांतर यंत्र बसवावं लागतं. वीज कोळशाची असेल तर धूर दुसरीकडे गेला इतकंच, असा आक्षेप घेतला जातो. तो निम्माच खरा आहे. वीजकेंद्राची चिमणी उंच असते आणि तिच्या धुरावर गाळण्या बसवता येतात.

२०२१ मध्ये मालाची कोंडी झाली, तेव्हा लॉस एंजलिस आणि लाँग बीचबाहेर डझनावारी जहाजं नांगर टाकून आठवडेच्या आठवडे उभी होती. धक्क्यावर वीज होती, ती वापरण्याची सक्तीही होती. पण नांगरावरच्या जहाजापर्यंत केबल पोचत नव्हती. त्या सगळ्यांचे जनरेटर रात्रंदिवस चालत राहिले आणि रोज दुपारी खारे वारे सुटत राहिले.