विशेषणांची निवड (वर्णनपर लेखनातील)

वर्ण्य वस्तू, व्यक्ती, स्थळ किंवा प्रसंग वाचकाला नेमकेपणाने जाणवावा, यासाठी नामाला जोडायची विशेषणे पारखून घेण्याची लेखनप्रक्रिया. व्याकरणाच्या दृष्टीने विशेषण नामाची व्याप्ती मर्यादित करते. ‘झाड’ या नामात सगळीच झाडे येतात. ‘वठलेले झाड’ म्हटले की त्यांतली बहुतेक वगळली जातात. लेखनातही विशेषणाची योग्यता याच कसोटीवर ठरते. जे विशेषण काहीच वगळत नाही, ते वाक्यात केवळ जागा अडवते.

‘सुंदर’, ‘छान’, ‘भव्य’, ‘विलक्षण’ यांसारखी मूल्यवाचक विशेषणे लेखकाचा अभिप्राय कळवतात, पण तो कशावरून बनला हे सांगत नाहीत. याउलट रंग, पोत, आवाज, गंध, तापमान किंवा अवस्था सांगणारी विशेषणे वाचकाच्या हाती सामग्री देतात आणि अभिप्राय बनवण्याचे काम त्याच्यावर सोपवतात. एखाद्याचा आवाज ‘वेगळाच’ होता असे लिहिल्याने काहीच ऐकू येत नाही. तो घोगरा, किनरा, कापरा की खणखणीत होता हे सांगताच बोलणाऱ्याचे वय, प्रकृती आणि मनःस्थिती यांविषयी अंदाज बांधता येतो.

अशा निवडीसाठी मराठीत मोठी सोय आहे. एकाच रंगाच्या छटा ‘-सर’, ‘-पट’, ‘-ऊस’ अशा प्रत्ययांनी फिक्या करता येतात (पिवळसर, काळपट, तांबूस), तर जोडशब्दांनी त्या गडद होतात. मात्र हे जोडशब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. केस काळेभोर असतात आणि अंधार काळाकुट्ट; कपडे पांढरेशुभ्र असतात, पण भीतीने चेहरा पडतो तो पांढराफटक. येथे रंग तोच असूनही दुसऱ्या घटकामुळे कौतुक, धास्ती किंवा निस्तेजपणा व्यक्त होतो. स्पर्शाच्या बाबतीतही गुळगुळीत, बुळबुळीत, खरखरीत, भुसभुशीत, लुसलुशीत हे शब्द उच्चारातूनच पोत सुचवतात. ‘कललेली भिंत’, ‘उकळते पाणी’, ‘विटलेला पडदा’ यांतील धातुसाधित (क्रियापदाच्या धातूपासून बनलेली) विशेषणे तर गुणासोबत घडून गेलेली किंवा चालू असलेली क्रियाही दाखवतात, म्हणून थोड्या शब्दांत सर्वाधिक काम तीच करतात असे म्हणता येईल.

या प्रश्नाचा विचार प्राचीन आहे. इ. स. पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागात अल्किडामास या वक्त्यावर टीका केली, ती अशी की तो विशेषणे तोंडी लावण्यापुरती न वापरता त्यांचेच जेवण करतो. ‘पांढरे दूध’ हा प्रयोग काव्यात शोभतो, गद्यात नाही, असेही त्याने म्हटले आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात साभिप्राय, म्हणजे विशिष्ट हेतूने योजलेल्या विशेषणांवर आधारलेल्या अलंकारास ‘परिकर’ म्हणतात. साहित्यशास्त्रकार कुंतकाने वक्रोक्तीच्या, म्हणजे नेहमीच्या बोलण्याहून वेगळ्या, वैचित्र्यपूर्ण उक्तीच्या प्रकारांत ‘विशेषणवक्रता’ (विशेषणामुळे येणारे वैचित्र्य) स्वतंत्रपणे मांडली, तर अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्राने औचित्याच्या स्थानांमध्ये विशेषणाचाही समावेश केला. आजच्या लेखकाला यांतील औचित्याची कल्पना विशेष उपयोगी पडावी, कारण विशेषण ठसठशीत असणे पुरेसे नसते. ते त्या प्रसंगाला आणि पाहणाऱ्याच्या नजरेलाही साजेसे असावे लागते. घाईने धावणाऱ्या पात्राला पानांची नाजूक नक्षी दिसत नाही.

शास्त्रीय वर्णनात हीच गरज वेगळ्या रीतीने भागवली गेली. खनिजशास्त्रज्ञ वेर्नर याच्या रंगनामावलीचा विस्तार करून चित्रकार पॅट्रिक साइम याने 1814 मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात रंगांच्या नमुन्यांसोबत प्राणी, वनस्पती आणि खनिजे यांतील उदाहरणे दिली होती. ‘बीगल’ जहाजावरील सफरीत (1831–36) चार्ल्स डार्विनने आपल्या नोंदींमधील रंग सांगण्यासाठी त्याचा आधार घेतला. प्रत्यक्ष नमुना समोर नसलेल्या वाचकालाही नेमकी छटा कळावी, हा त्यामागील उद्देश होता.

ठसठशीत विशेषणे निवडणे म्हणजे ती वाढवणे नव्हे. एका नामामागे तीन-चार विशेषणे लागली की ती वाचकाचे लक्ष स्वतःकडे वेधून घेतात आणि नाम मागे पडते. ‘अथांग सागर’, ‘निरभ्र आकाश’ यांसारख्या जोड्या अतिवापराने इतक्या घट्ट झाल्या आहेत की वाचक त्यांतले विशेषण वाचतच नाही. अनेकदा उपाय विशेषणात नसून नामात किंवा क्रियापदात असतो. ‘लहानसा प्रवाह’ऐवजी ‘ओहळ’, ‘मंद गतीने चालला’ऐवजी ‘रेंगाळला’ असे लिहिल्यास विशेषणाची किंवा क्रियाविशेषणाची गरजच उरत नाही. स्थानही महत्त्वाचे असते : ‘ओलसर खोली’ यातील नामापूर्वीचे अधिविशेषण माहिती ओघात देऊन जाते, तर ‘खोली ओलसर होती’ यातील विधिविशेषण त्याच माहितीला विधानाचे वजन देते. म्हणून जो तपशील वाचकाच्या ध्यानात राहायला हवा तो विधानात आणि केवळ ओळखीपुरता असेल तो नामाआधी ठेवणे सोयीचे पडते.