पांढरा थर म्हणजे औरंगजेबाची गोळी?

‘जमिनीत सापडलेल्या बंदुकीच्या शिशाच्या गोळीवर पांढरा थर असला की ती औरंगजेबाच्या छावणीतलीच’, असं सोलापूरकडे सांगतात. पटण्यासारखंच आहे, १६९५ पासून चारेक वर्षं बादशहा भीमाकाठी ब्रह्मपुरीला तळ ठोकून होता.

पण तो थर म्हणजे शिशाचा गंज. ओल्या मातीत तो काही दशकांतही धरतो, त्यामुळे तो घासू नका आणि त्यावरून वयही ठरवू नका.

आकार बघा. आरपार भोक? बहुधा मासेमारीच्या जाळ्याचं वजन. लांबट, बुडाशी पोकळ? साधारण १८५० नंतरची. गोल असेल तर व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) आणि सोनाराचा काटा घ्या: साडेसतरा मिलिमीटर, ३२ ग्रॅमच्या आसपास भरली, तर इंग्रजी मस्केटची, म्हणजे जुन्या लांब बंदुकीची शक्यता. १८१८ मध्ये इंग्रजांनी सोलापूरचा किल्ला घेतला, तेव्हाही गोळ्या गोलच होत्या, म्हणून नुसत्या गोल आकारावरून ती औरंगजेबाची ठरत नाही. हाताळल्यावर हात मात्र धुवा, शिसं विषारी.